चार तारखेचे गोल तंबू

१२ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

आज रविवार. उशिरा उठलो. कपडे धुतले. दुपारी दवाखान्यात जाऊन अर्धवट राहिलेल्या दोन कवळ्यांना पॉलिश केलं, कारण डॉक्टरीणबाईंना त्या उद्या पेशंटला द्यायच्या आहेत. परत आलो तर दाराखालून तुमचं पाकीट आत आलेलं होतं.

तुमची चिठ्ठी वाचली आणि सोबतचं रंगीत माहितीपत्रकही पाहिलं. डोंगरातली दाट झाडी, मधे पांढरे गोल तंबू आणि एका तंबूसमोर खुर्चीत बसून हसणारी बाई. मी कवळ्या करणारा माणूस, हसणाऱ्याकडे माझं लक्ष वेगळ्या कारणाने जातं. तिचे वरचे पुढचे सहा दात बसवलेले आहेत. काम चांगलं आहे.

या तंबूला यर्ट म्हणतात, तो लोकरीच्या जाड नमद्याचा असतो, आतून लाकडी जाळी असते आणि तो गोल असल्यामुळे तिथे मनालाही कोपरे उरत नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. कोपरे नसल्यावर कपाट कुठे ठेवतात ते लिहिलेलं नाही.

माझ्या बायकोला तुम्ही पत्रातसुद्धा 'धाकटी'च लिहिता, म्हणून मीही तेच लिहितो. धाकटीला जाऊन चार एप्रिलला वर्ष होईल. तो दिवस सगळ्यांनी या तंबूंत मिळून काढावा, ही कल्पना तुमच्या साहेबांची. त्यांची काळजी कळली. पण माझं कमरेचं दुखणं तुम्हाला माहीत आहे, आणि चित्रात गाद्या जमिनीवर दिसतात. स्वच्छतागृह उतारावर, बरंच लांब आहे. मला जमेलसं वाटत नाही. त्या दिवशी घरीच असावं, असा माझा विचार होता.

साहेबांना नमस्कार सांगा.

तुमचा,
भाऊजी


१८ फेब्रुवारी

भाऊजी,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही 'हं' म्हणता, आणि मग मी गॅसवरचं सोडून त्या 'हं'चा अर्थ लावत बसते. कागदावर निदान वाक्य तरी पुरं करता.

तुमची कमर दुखते हे वाचून साहेब खूश झाले. खरंच सांगते, खूश झाले. अडचण दिसली की त्यांना हुरूप येतो. सिमेंट कंपनीच्या कर्मचारी कल्याण विभागात उभा जन्म गेला माणसाचा. सहली, स्पर्धा, निरोप समारंभ, हेच केलं. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं, ते कपाटात आहे. शिट्टी स्वतःची होती, ती अजून गळ्यात आहे. घरात आता कर्मचारी म्हणजे मी एकटी, आणि माझं कल्याण करून संपलं. म्हणून नजर तुमच्याकडे वळली.

त्यांनी तंबूवाल्याला फोन लावला, जंगलाच्या मालकाशी बोलावं तसे दमात घेऊन बोलले, आणि तुमच्यासाठी लोखंडी पलंग मिळवला. तंबूही बदलून घेतला. आता स्वच्छतागृह इतकं जवळ आहे की लांब होतं तेच बरं होतं असं म्हणाल.

घरीच असावं म्हणता ते मनातून काढा. एकटं राहून माणूस भिंतीशी बोलायला लागतो. तुम्ही तर भिंतीशीही बोलायचे नाहीत, म्हणजे तेवढाही आधार नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

पलंगाबद्दल साहेबांना धन्यवाद सांगा. त्यांनी एवढी खटपट करायला नको होती.

परवा शेजारचे गृहस्थ आले होते. वर्ष होत आलं, आता बाहेर पडा, माणसांत मिसळा, असं म्हणाले. मग स्वतःच्या मोतीबिंदूबद्दल बराच वेळ बोलले. मी चहा केला. जाताना त्यांना खूप हलकं वाटत होतं.

माहितीपत्रक पुन्हा पाहिलं. तंबूच्या मधोमध लाकडं जाळायची शेगडी आहे आणि तिचं धुराडं छपरातून वर गेलं आहे. नमदा आणि तापलेली नळी यांच्यामध्ये पत्र्याची कड लागते, ती चित्रात दिसत नाही. मी रोज मेण वितळवायला आच वापरतो, त्यामुळे या गोष्टी डोळ्यांत येतात. शिवाय बंद तंबूत रात्रभर शेगडी ठेवली तर धूर कोंडतो. अशा ठिकाणी चार माणसांना झोपवणं मला बरोबर वाटत नाही. सगळ्याच बेताचा फेरविचार झाला तर बरं.

बाकी ठीक.

भाऊजी


२ मार्च

परिपत्रक क्रमांक २
(क्रमांक १ घरात तोंडी देण्यात आले.)

प्रिय साडूबुवा,

धुराड्याबद्दलचं आपलं पत्र सौभाग्यवतींनी दाखवलं. मी ते उभा राहून वाचलं. जो माणूस वर्षभर 'हं'च्या पलीकडे गेला नाही, तो शिबिराच्या पत्र्याच्या कडेची चिंता करतो, याहून मोठी सुधारणा कुठली? कंपनीत आम्ही अशांना लगेच जबाबदारी देत असू. आपली नेमणूक सुरक्षा प्रमुख म्हणून करण्यात येत आहे. अभिनंदन.

कार्यक्रम असा. सकाळी सगळ्यांनी रांगेत उभं राहून मौन. मग नाश्ता. मग जंगलात पायी फेरी, गाणी चालतील. दुपारी रस्सीखेच, माहेर संघ विरुद्ध सासर संघ. संध्याकाळी शेकोटीभोवती 'आठवणींचं वर्तुळ'. प्रत्येकाने कैलासवासी धाकटीची एक आठवण सांगायची. दोन मिनिटं. आठवण चांगलीच असावी, रडवणारी नको. वेळ संपली की शिट्टी होईल.

आपल्याला सख्खं कोणी नसल्यामुळे सासर संघात आपण एकटेच पडता. हा अन्याय दूर करण्यासाठी माझी मावसबहीण आपल्या बाजूने खेळेल. ती बियाणं तपासणीच्या कचेरीत अधिकारी आहे. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. मूलबाळ नाही. स्वभाव शांत. प्रकृती उत्तम. दात स्वतःचे. जेवणाच्या वेळी तिची जागा आपल्या उजव्या हाताला ठेवली आहे.

आपला,
साडू

ता.क. आपण करून दिलेली वरची कवळी शिट्टी फुंकताना सुटते. शिबिराआधी इलाज सुचवावा.


८ मार्च

ताई, नमस्कार.

परिपत्रक मिळालं. दवाखान्यात वाचायला नको होतं. मी सहसा हसत नाही, म्हणून डॉक्टरीणबाई काय झालं ते बघायला आत आल्या.

साहेबांना सांगा, कवळी जेवणासाठी असते. शिट्टीसाठी वेगळी बनत नाही. फारच गरज असेल तर शिट्टी बाजूच्या दाढेत धरून फुंकावी.

आता एक विचारतो. ज्या बाईंनी धाकटीला कधी पाहिलं नाही, त्या वर्तुळात बसून दोन मिनिटं तिची कुठली आठवण सांगणार? त्या आल्या आणि रस्सीखेचीत मला साथ दिली, इथवर समजलं. पण दोर ओढायला माणसाचे दात स्वतःचे असावे लागतात, हे मला माहीत नव्हतं. ताकाला जायचं असेल तर भांडं लपवू नये, ताई.

काहीही असलं तरी माझं येणं कठीण दिसतं. एका निवृत्त न्यायाधीशांची पूर्ण कवळी हातात आहे. खालच्या जबड्याचं हाड झिजलेलं आहे, तीन वेळा बसवून बघावी लागेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई मला सोडतील असं वाटत नाही.

भाऊजी


१४ मार्च

भाऊजी,

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सोडलं. साहेबांनी परस्पर फोन केला. न्यायाधीश थांबायला तयार आहेत. जन्मभर लोकांना पुढची तारीख दिली, एकदा स्वतः घेतली तर बिघडत नाही, असं तेच म्हणाले म्हणे. आणि तुमच्या डॉक्टरीणबाईही येताहेत. नवऱ्याला न घेता कुठेतरी जायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. त्या माझ्याच तंबूत झोपतील. साहेबांचे कंपनीतले दोन दोस्तही येणार. मी विचारलं, त्यांचा काय संबंध? तर म्हणाले, संख्या कमी पडली की कार्यक्रम रंगत नाही.

मावसबहिणीचं तुम्ही भलतंच मनावर घेतलंत. साधी गोष्ट आहे. तंबूत चार गाद्या असतात, आणि तेव्हा माझ्या तंबूत मी एकटीच होते. पैसे चारांचे भरायचे आणि झोपायचं एकटीने, म्हणून तिला विचारलं, एवढंच. बाकी साहेबांनी काय लिहिलं त्याला मी काय करू, त्यांची उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाई चांगली आहे मात्र. कमी बोलते. तुम्ही दोघं शेजारी बसलात तर आजूबाजूच्यांना शांतता मिळेल.

आणखी एक. टोप्या छापायला दिल्या आहेत, डोंगरात ऊन लागतं म्हणून. पुढच्या बाजूला धाकटीचा फोटो आहे, तो हिरव्या साडीतला. डोळे जरा मिटलेले आलेत, पण छापणारा म्हणाला, लांबून कळत नाही. तुमच्या डोक्याचं माप कळवा.

ताई


१९ मार्च

ताई, नमस्कार.

मला यायचं नाही.

कमर बरी आहे. धुराड्याची भीती वाटत नाही. न्यायाधीशांची कवळी परवाच बसली, पहिल्या खेपेला. या सगळ्या सबबी होत्या. मी सबब सांगितली की साहेब ती दुरुस्त करून देतात, यात त्यांची काही चूक नाही. मी पहिल्याच पत्रात जे वाक्य लिहायला हवं होतं ते आज लिहितो. चार तारखेला मी घरी असणार आहे आणि एकटा असणार आहे.

टोपी पाठवू नये.

भाऊजी


२३ मार्च

भाऊजी,

वाचलं. साहेबांना दाखवलेलं नाही. त्यांनी तुमच्या नावाचा बिल्ला करून ठेवलाय.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही सरळ बोललात, आणि ते मला 'नाही' म्हणायला. छान झालं.

मीही सरळ सांगते मग. गाद्या रिकाम्या राहतात वगैरे सगळं खोटं. मावसबहिणीला मीच बोलवायला लावलं. साहेबांचं डोकं इतकं चालत नाही, त्यांना खरंच रस्सीखेचीची काळजी होती.

तुम्ही आज ना उद्या कोणाचा तरी हात धराल. पुरुष एकटे राहत नाहीत, चहा गाळायला लागला की वर्षभरात कंटाळतात. मग त्या बाईचे भाऊ येतील, बहिणी येतील, त्यांची लग्नकार्यं येतील, आणि मी कोण? पहिल्या बायकोची बहीण. या नात्याला नावसुद्धा नाही. रस्त्यात भेटलात तर ओळख कशी करून द्याल? निदान बाई आमच्या घरातली असती तर तुम्ही आमच्याकडे जेवायला येत राहिला असता, आणि मी कधीतरी ताट वाढताना म्हणू शकले असते की धाकटी इथे बसायची, भिंतीला टेकून, पाय पसरून, येणाऱ्याजाणाऱ्याने तिला ओलांडून जायचं.

आईबाबा गेले. आता ती लहानपणापासून कशी होती हे माहीत असलेली मी एक, आणि मोठेपणी कशी होती हे माहीत असलेले तुम्ही एक. तुम्ही बोलत नाही. आणि मी बोलायला लागले की साहेब म्हणतात, रडायचं नाही, त्याने काय ती परत येणार आहे? मग उठून बाजारात जातात आणि काहीतरी छापून आणतात.

बसा घरात. दार लावून घ्या.

ताई


२८ मार्च

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि घरी येऊन परत वाचलं.

आधी रागाचं लिहितो, कारण मला राग आला होता. धाकटीच्या जागेसाठी तुम्ही माणूस पाहिलंत, तेही तिच्याच दिवशी, आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या उजव्या हाताला जागा आखून. त्या बाईंनाही खरं सांगितलेलं नसणार. दुकानात कापडाला कापड लावून रंग बघतात तसं आम्हा दोघांना शेजारी धरायचं, आणि दोघांच्याही डोक्यावर धाकटीचा फोटो, डोळे मिटलेला. साहेबांनी हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तुम्ही केलंत.

आता दुसरं. वर्षभर माझ्याकडे माणसं येतात. त्यांना मी खचलेला दिसावा लागतो, पण बेताने. फार खचलेला दिसलो तर घाबरतात. बरा दिसलो तर मनातून नाराज होतात. आमच्याकडे दातांच्या रंगछटांची एक पट्टी असते. पेशंटच्या तोंडाजवळ धरायची आणि शेजारच्या दाताशी जुळेल ती छटा निवडायची. आलेल्या प्रत्येक माणसासमोर मी वर्षभर हेच करतो आहे. तेवढा एक दिवस मला कोणाशी जुळायचं नाही. त्या दिवशी मी काय करणार असं विचाराल, तर काही नाही. कोणी बघत नसताना काही न करणं, एवढंच हवं आहे.

तुम्ही माझ्या कोण, हे विचारलंत. नात्याला नाव नाही म्हणता, पण मी तुम्हाला ताई म्हणतो. ती होती तेव्हा तिच्यामुळे म्हणत होतो. गेलं वर्षभर म्हणतो आहे ते मला कोणी सांगितलं म्हणून नाही. लग्नाचं मला माहीत नाही. केलं किंवा नाही केलं, तरी तुम्हाला पत्र लिहायला मधे तिसरं माणूस लागणार नाही. रस्त्यात भेटलात तर 'या आमच्या ताई' असं सांगेन. पुढे कोणी काही विचारलं तर मी नेहमीप्रमाणे गप्प बसेन.

ती भिंतीला टेकून पाय पसरून बसायची ते मला माहीत आहे. आमच्याकडेही तसंच बसायची. तुम्हाला तिच्याबद्दल बोलायचं असेल तर माझ्याशी बोला. मी बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

साहेबांना सांगा, सुरक्षा प्रमुख म्हणून डॉक्टरीणबाई चालतील. त्या आवाज चढवू शकतात.

भाऊजी


७ एप्रिल

भाऊजी,

आम्ही जाऊन आलो. तुम्ही येत नाही हे सांगितल्यावर साहेब एक दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, कार्यक्रम रद्द होणार नाही. कंपनीत संप होता त्या वर्षीही सहल गेली होती, कामगार नव्हते एवढंच. तसेच आम्ही निघालो. माणसं सहा, त्यांत धाकटीला नीट ओळखणारी मी आणि साहेब. तुमच्या डॉक्टरीणबाई तोंडओळखीच्या. बाकीच्यांनी तिला पहिल्यांदा टोपीवर पाहिलं.

आधी हे सांगते की धुराड्याचं तुमचं सगळं चुकलं. पत्र्याची कड व्यवस्थित होती, धूर सरळ वर जात होता. आत छान ऊब होती. माहितीपत्रकाचं मात्र खरं निघालं, कोपरा नाही. त्यामुळे तोंड कुठेही फिरवा, समोर कोणीतरी असतंच. पाठ करून डोळे पुसावे एवढीसुद्धा सोय नाही त्या तंबूत.

मावसबहीण आली ती पाठीवर पिशवी, हातात भिंग आणि कागदाची लहान लहान पाकिटं घेऊन. साहेबांनी तिला काय सांगितलं होतं, तर जंगलातल्या झाडांची बियाणं गोळा करायचं शिबिर आहे. उतरल्या उतरल्या तिच्या डोक्यावर टोपी चढवली. तिने ती काढून बघितली आणि विचारलं, या बाई कोण? मी सांगितलं. दुपारी साहेबांनी दोर आणला. ती म्हणाली, "आज यांची बहीण गेली त्याला वर्ष झालं, आणि आपण दोर ओढायचा?" आणि दोर साहेबांच्या पायाशी ठेवून झाडीत निघून गेली. रस्सीखेच झाली नाही. सासर संघ हरला की जिंकला, यावर ते दोन दोस्त बराच वेळ वाद घालत होते.

नंतर मी तिच्या मागे गेले. तुमच्याबद्दलचं सगळं सांगून टाकलं, मला लपवायचा कंटाळा आला होता. चिडेल वाटलं होतं. ती कुठलीशी शेंग सोलत होती. म्हणाली, "त्यांना सांगा, आला नाहीत ते बरं केलंत. शहाणपण कोणाकडे आहे ते कळलं." मग शेंगेतलं बी मला दाखवलं. मला काही कळलं नाही, पण बघितलं.

संध्याकाळी वर्तुळ झालं. पहिला दोस्त म्हणाला, कैलासवासी बाईंच्या हातचा चहा मी विसरणार नाही. तो चहा माझा होता. दुसऱ्याने शिट्टी व्हायच्या आत घाईघाईने दोन मिनिटं तिच्या स्वभावाची स्तुती केली, ती कोणालाही लागू पडली असती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ती तुम्हाला न्यायला यायची आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाहेरच बसून राहायची, आत कधी आली नाही. हे मला माहीत नव्हतं.

मग माझी पाळी. मी ठरवलेली आठवण सांगितलीच नाही. मी म्हटलं, ती भांडखोर होती. माझे कपडे मला न विचारता घालायची आणि वर म्हणायची, ताई, तुला हे शोभत नव्हतंच. पैशाचं कधी खोटं बोलली नाही, पण कुठे जाऊन आली याचं रोज खोटं बोलायची. आणि शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी तिला सारखी धीर देत होते, बरी होशील, अमकीची बहीण बरी झाली, तमकीची झाली. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तू फार बोलतेस. गप्प बस. पण जाऊ नकोस." मी तेव्हा उठून औषधं आणायला गेले होते, भाऊजी. औषधं आधीच आणलेली होती.

साहेबांनी शिट्टी तोंडाजवळ नेली होती. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शिट्टी झाली नाही. कवळीमुळे असेल म्हणून मी वर बघितलं, तर त्यांनी ती हातात घट्ट धरली होती. शेकोटी विझेपर्यंत मी बोलत होते आणि कोणी उठलं नाही. दोस्तसुद्धा.

रात्री तंबूत मी रडले. दोघींनी बघितलं. बघू दे.

तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते विचारणार नव्हते. विचारते.

ताई


१६ एप्रिल

ताई, नमस्कार.

आज रविवार. सकाळी केस कापून आलो. येताना दूध आणि बटाटे आणले. जेवण झालं. तुमचं पत्र आठवडाभर टेबलावर होतं, आज उत्तर लिहायला बसलो.

चार तारखेला मी सुट्टी घेतली होती. डॉक्टरीणबाई तुमच्याबरोबर असल्यामुळे दवाखाना बंदच होता, त्यामुळे ती मागावी लागली नाही. सकाळी दूध उतू गेलं, ओटा पुसला. वर्तमानपत्र आलं ते वाचलं नाही. दुपारी झोपलो. एकदा दार वाजलं, उघडलं नाही. पावलांवरून शेजारचे असावेत. संध्याकाळी पलंगावरची गादी उलटी केली, ते काम बरेच दिवस राहिलं होतं. तिच्या बाजूचा भाग खोल गेला होता, तो आता खाली आहे. नंतर मोरीत हात धुवायला गेलो आणि तिथे नुसता उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, नळ चालू होता. मग जेवलो. मला हवा होता तसा दिवस झाला.

पायऱ्यांवर बसायची ते खरं आहे. आत प्लास्टरचा वास येतो, तिला तो सहन होत नसे. डॉक्टरीणबाईंना वाटतं ती लाजायची. ती लाजत नव्हती. आतून कोण कसा चेहरा करून बाहेर पडतो ते बघत बसायची आणि घरी येताना मला सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. डॉक्टरीणबाईंचीही करायची. हे त्यांना कळवू नका.

तुम्ही हॉस्पिटलमधलं लिहिलंत. 'गप्प बस' असं ती मला कधी म्हणाली नाही. म्हणायची वेळच आली नाही. मला उलट म्हणायची. शेवटच्या दिवसांत रोज म्हणायची, "काहीतरी बोल रे." मी सलाईनचे थेंब बरोबर पडताहेत का ते बघत होतो. म्हणजे तुम्ही गप्प बसायला हवं होतं आणि मी बोलायला हवं होतं. तिला एकच माणूस हवा होता, तो दोन माणसांत वाटला गेला. याबद्दल मला आणखी काही लिहिता येत नाही.

मे महिन्यात दवाखाना चार दिवस बंद आहे. तुमच्याकडे येईन म्हणतो. निमित्त काही नाही. साहेबांना कार्यक्रम आखायचा असेल तर त्यांना सांगा, मी नुसता येणार आहे. तुम्ही बोला.

मावसबहिणींचा निरोप पोचला. त्यांना धन्यवाद सांगा.

इथे थांबतो. बाहेर वारा सुटला आहे आणि दोरीवर सकाळी वाळत घातलेली चादर आहे. मोठ्या पलंगाची आहे, एकट्याने घडी करायची तर मधली बाजू हनुवटीखाली धरून दोन्ही टोकं हातांनी जुळवावी लागतात. उडून जायच्या आत काढून आणतो.

भाऊजी